मोजदाद

भुसावळला रज्जाक पिंजारीच्या रद्दीतून
किलोच्या भावात उचललेली कादंबरी.
मुखपृष्ठावर हेलिकॉप्टर, आणि एक माणूस
जो बहुतेक मे महिन्यातही काळेच कपडे घालतो.

प्रकरणाच्या डोक्यावर वेळ छापलेली:
पहाटे दोन वाजून चौदा मिनिटं, अज्ञात स्थळ.
आमच्याकडे दुपारचे अडीच, वरणगाव,
पारा सेहेचाळीसवर.
मी कूलरमध्ये दोन बादल्या ओतल्या
तोवर त्यानं तीन दारं उडवली होती.

वाक्यंसुद्धा धापा टाकणारी.
तो वळला. कुणी नाही. दिवा गेला. पाऊल.
क्रियापदाला टेकायला जागा नाही.
माझी फोडणी करपली,
पोरांना म्हटलं, आज भाजी नाही, शेव खा भाकरीशी,
इकडं एक विमानतळ वाचायचाय.

एकशे बाराव्या पानावर मात्र थांबले.
बोट ठेवून मागं गेले, पुन्हा मोजल्या.
एका मॅगझीनमधून एक्केचाळीस गोळ्या.
अरे बाबा, तीस मावतात.

सव्वीस वर्षं मी तपासणीच्या टेबलावर आहे,
काडतुसाचं पितळ भिंगाखाली फिरवत.
पोचा असेल, केसाएवढी चीर असेल, टोपी तिरपी बसली असेल,
शंकेचं ते लाल डब्यात.
एक्केचाळीस तपासायला मला जेवढा वेळ लागतो
तेवढ्यात हा दुसऱ्या देशात पोचतो,
दाढीसुद्धा करून.
मग त्या अकरा जादा कुणी भरल्या?
कुठल्या पाळीला, कुणाच्या सहीनं?

शेजारच्या झोपेंचा हेमराज रजेवर आलेला.
आडनावाला जागून तीन दिवस नुसता झोपला.
चौथ्या दिवशी ओट्यावर येऊन बसला, मी पुस्तक पुढं केलं.
त्यानं मधूनच उघडून तीन पानं वाचली.
असंच असतं का रे?
"मावशी, याच्यात कोनाचे गुडघे नाई दुखत का?"

मग पुष्कळ वेळानं, शेंगा सोलता सोलता,
एका उताराबद्दल बोलला.
नऊ दिवस. समोर एकच घर.
सकाळी त्यातून एक म्हातारी निघायची,
शेळीला पाणी पाजायची, आत जायची.
दुसऱ्या दिवशी तेच. नवव्या दिवशी तेच.
मग?
"मंग आम्हाले परत बलावलं."
आणि घरात?
त्यानं टरफलं ओंजळीत गोळा केली,
टाकायला कोपरा शोधत राहिला.
"म्हतारी होती ना. शेळी होती."

पुस्तकाची शेवटची सोळा पानं नाहीत.
स्फोटाला सात मिनिटं, दोन तारा, हातात पक्कड,
आणि पुढं बाइंडिंगचा उघडा दोरा.
रज्जाकभाईला जाऊन भांडले
तर म्हणाला, ताई, तेवढं वजनही कमीच भरलं ना.

रात्री गच्चीवर पडून शेवट लावून पाहिला.
लाल तार तोडली. जमेना.
दुसरी तोडली.
मग त्या घराचं दार उघडलं आणि म्हातारी बाहेर आली,
बादली घेऊन, त्याच्या अंगावरून पलीकडं गेली,
त्याच्याकडे न बघता.
लांब मालगाडी जात होती, डबे मोजायला लागले,
बावन्नपर्यंत आठवतं.
तो तिथंच वाकलेला असेल अजून.
घाम नाकावरून पक्कडीवर पडत असेल.
असू दे. मी घाई करत नाही.

सकाळी पाळीचं पहिलं काडतूस भिंगाखाली घेतलं
आणि जरा जास्तच फिरवलं.
पलीकडून शकुंतला वारके म्हणाली, काय दिसलं गं?
काही नाही.
चांगलं होतं.
पुढं सरकवलं.